मदत हवी आहे: डिपोर्ट झालेल्या बाबांसाठी आय-१३० (नातेवाईकाला अमेरिकेत बोलवायचा अर्ज) कधी भरावा?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत जन्मलेली, वय २३, म्हणजे अमेरिकन नागरिक. बाबा व्हिजिटर व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावरही पंधरा वर्षं राहिले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इमिग्रेशन जजच्या ऑर्डरवर त्यांना परत पाठवलं. तेव्हापासून ते मिरजेतच आहेत, गुन्हा कुठलाच नाही. तारखेला प्रत्येक वेळी हजर होते (आई हे आवर्जून सांगते). जाताना दिलेला कागद त्यांनी एलआयसीच्या फाइलमध्ये जपलाय. बोटाचा ठसा फिकट झालाय, पण दहा वर्षांच्या बंदीच्या चौकटीवरची फुली स्पष्ट दिसते.

मुलगी २१ च्या पुढची असल्याने आई-वडिलांना व्हिसाची रांग नाही, हे ठाऊक आहे. अडचण अमेरिकेत परत येण्यावरच्या बंदीची आहे. बेकायदा राहण्याची दहा वर्षं आणि ऑर्डरची दहा वर्षं, दोन्ही २०२७ च्या ऑगस्टला संपतात. त्याआधी बोलवायचं तर आय-२१२ (ऑर्डरनंतर परत येण्याच्या परवानगीचा अर्ज) आणि आय-६०१ (बेकायदा राहण्याच्या बंदीतून माफीचा अर्ज) दोन्ही लागतील. पण ६०१ साठी नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले पती-पत्नी वा आई-वडील हवेत, मुलांचा त्रास त्यात धरत नाहीत. आई मिरजेतच, आजी-आजोबा कधी इकडे आलेच नाहीत. म्हणजे तो रस्ता बंद.

मग आय-१३० आत्ताच भरून मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतली व्हिसाची मुलाखत दहा वर्षं पूर्ण झाल्यावर येईल असं बघावं का? एक वकील हो म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात. फी मात्र दोघांनी घेतली.

कुणी यातून गेलंय का? बाबांची जुनी फाइल एफओआयएने (अमेरिकेचा माहिती अधिकाराचा कायदा) आधी मागवली होती का? मुलाखतीत परतल्याचा पुरावा म्हणून काय दाखवलंत? बाबांच्या जुन्या पासपोर्टवर मुंबई विमानतळाचा शिक्का आहे, तेवढा पुरेल का?