मदत हवी आहे : चिनी ८ ग्वान म्हणजे आजचे किती रुपये?

शाईची_दौत
दिवाळी अंकासाठी मी एका जुन्या चिनी कथेचा इंग्रजीवरून अनुवाद करत आहे. कथेतील विधवा घरातला रेशमाचा माग ८ ग्वानांना विकते. या रकमेचे आजचे मूल्य तळटीपेत रुपयांत द्यावे असा संपादकांचा आग्रह आहे आणि मजकूर परवा छापखान्यात जायचा आहे. आंतरजालावर एका ठिकाणी एक उत्तर मिळते, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या वीसपट. कृपया इतिहास सांगू नये, मला फक्त एक आकडा हवा आहे.

जुनी_मोड
प्रथम नाण्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि वजन द्यावे. चौकोनी भोकाची सुंग काळातील साधी नाणी अमाप पाडली गेली होती, त्यामुळे ती आजही संग्राहकांना स्वस्तात मिळतात. फार मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. नाणे चुंबकाला चिकटले तर ते नकली समजावे. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

शाईची_दौत
माझ्याकडे एकही नाणे नाही आणि मला काहीही विकायचे नाही. माग विधवेला विकायचा आहे.

गणिताचा_तास
कोणत्या राजवंशातील कथा आहे ते आपण लिहिलेले नाही. सातव्या शतकात थांग सम्राट थायचोंगच्या सुकाळात एक दोउ (धान्याचे माप) तांदूळ तीन-चार नाण्यांना मिळत असल्याची नोंद आहे; ७५५ मध्ये आन लुशानचे बंड झाले, सरकारने वजनाच्या मानाने भलतीच दर्शनी किंमत असलेली नाणी काढली आणि तोच दोउ ७,००० नाण्यांवर गेला. राजवंश तोच, माप तेच. नुसते ‘चिनी ग्वान’ विचारून आकडा कसा मिळणार?

शाईची_दौत
सुंग राजवंश, सम्राट चन्चोंग, म्हणजे ९९७ ते १०२२. ग्वान म्हणजे हजार नाण्यांची माळ. आता तरी सांगावे.

गणिताचा_तास
आता बोलता येईल. कवी सू शी हांगचौचा अधिकारी असताना १०९० मध्ये त्याने दरबाराला कळवले होते की तांदूळ दोउला शंभर नाण्यांपर्यंत चढला आहे. सुंग काळातील दोउ सुमारे ६.७ लिटरचा, म्हणजे त्यात साधारण ५ किलो तांदूळ मावतो. किलोला २० नाणी झाली. आपल्याकडचा साधा तांदूळ किलोला ५० रुपये धरला तर एक नाणे अडीच रुपयांचे ठरते आणि ८ ग्वान म्हणजे २०,००० रुपये.

शाईची_दौत
अनेक आभार. २०,००० लिहितो. धागा बंद करण्यास हरकत नाही.

सराफकट्टा
हरकत आहे. तांदळाचा भाव पावसापाण्यावर हलतो, म्हणून मी नेहमी सोन्याचांदीवरून हिशेब करतो. रक्कम चांदीत बदलावी आणि चांदीला आजच्या भावाने गुणावे, इतके ते सोपे आहे.

हिशेबी_काकू
ते सोपे आहे, बरोबर नाही. मिंग काळाच्या अखेरीस चीनमध्ये एक भार सोन्याला सहा ते आठ भार चांदी पडत असे, त्याच सुमारास युरोपात सुमारे बारा, आणि आज हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे एकच रक्कम चांदीवरून काढली तर एक उत्तर येते आणि सोन्यावरून काढली तर कित्येक पटींनी मोठे. यांपैकी कोणते खरे, हे आपण कशावरून ठरवणार?

मात्र गणिताचा_तास यांचाही हिशेब मला पटत नाही. सू शीने शंभराचा भाव कळवला, कारण तो धास्ती वाटण्याजोगा होता. त्या वर्षी अतिवृष्टीने थायहू सरोवर फुटून पिके बुडाली होती. शिवाय हा भाव चन्चोंगनंतर सत्तर वर्षांचा आहे. चांगल्या वर्षी त्याच नाण्याला अधिक तांदूळ येणार, म्हणून अडीच रुपये ही खालची मर्यादा समजावी. याच सू शीचे दुसरे उदाहरण पाहा. १०८० मध्ये त्याला हुआंगचौला पाठवून दिल्यावर त्याचा पगार थांबला. तेव्हा तो महिन्याच्या पहिल्या तारखेला ४,५०० नाणी काढून त्यांचे तीस वाटे तुळईला टांगत असे, रोज सकाळी चित्रे टांगण्याच्या काठीने एक वाटा खाली घेई आणि मग ती काठीच लपवून ठेवी. रोजची १५० नाणी तुमच्या दराने ३७५ रुपये होतात. घरात खाणारी तोंडे बरीच आहेत असे त्यानेच लिहिले आहे, आणि तरीही त्यात भागून उरलेली नाणी तो पाहुण्यांसाठी बांबूच्या नळकांड्यात साठवत असे. आज ३७५ रुपयांत कोणते मोठे घर चालते?

सराफकट्टा
हुआंगचौला डुकराचे मांस मातीमोल होते असे त्यानेच लिहिलेले आहे. स्वस्त गावावरून भाव काढू नयेत.

पंचगंगा
आणखी एक अडचण आहे. हजारांच्या माळेत हजार नाणी असतातच असे नाही. ९७७ च्या हुकुमाने ७७ नाण्यांना शंभर मानण्याची पद्धत ठरवून दिलेली होती. पुढे राजधानी काइफंगमध्ये तर सरकारी शंभर ७७ चे, बाजारातील ७५ चे, मासे-मांस-भाजीचे ७२ चे आणि लेखी मजकुराचे चक्क ५६ चे असे. (अनुवादकांच्या मानधनाची परंपरा प्राचीन आहे, एवढेच यावरून म्हणता येईल.) सू शीने आपल्या अर्जात ‘भरलेले शंभर’ असे मुद्दाम लिहिले, ते याचसाठी. आपले ८ ग्वान प्रत्यक्षात ६,१६० नाणीच असू शकतील.

माडाची_सावली
थोडे अवांतर. या चिनी नाण्यांना इंग्रजीत ‘कॅश’ म्हणतात, तो शब्द तमिळ ‘कासु’वरून पोर्तुगीजांमार्फत गेलेला आहे. तंजावर भागात चिनी नाण्यांचे साठेही सापडले आहेत.

शाईची_दौत
मंडळी, मला तंजावरला जायचे नाही. माझ्या कथेत तर ‘लोखंडी कॅश’ असे आहे, आणि चेंगदूमध्ये तमिळ कोठून येणार?

पंचगंगा
चेंगदू? लोखंडी? हे आपण पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते.

शाईची_दौत
नाणे ते नाणे, असे मला वाटले. त्याने काय फरक पडतो?

पंचगंगा
दहापट. सिचुआनमध्ये, म्हणजे चेंगदूच्या प्रांतात, तेव्हा तांब्याच्या नाण्यांऐवजी लोखंडी नाणी चालत. (जुनी_मोड यांच्या चुंबकाला ती सर्व चिकटली असती.) १००५ मध्ये तेथे मोठे लोखंडी नाणे काढले आणि दर असा ठरवला की एक मोठे लोखंडी नाणे म्हणजे एक तांब्याचे, म्हणजेच दहा लहान लोखंडी. पहिल्या मोठ्या नाण्यांच्या एका ग्वानाचे वजन साडेपंचवीस जिन होते. लोक ती वितळवून अवजारे करू लागले, म्हणून १०१४ मध्ये ते वजन जवळजवळ निम्म्यावर, सुमारे साडेबारा जिनांवर आणले. लहान नाण्यांचा ग्वान साडेसहा जिनांचा. या ओझ्यामुळेच तेथे ‘जियाओझी’ ही कागदी हुंडी चालू झाली आणि १०२३ मध्ये ती सरकारने हाती घेतली. आपले ८ ग्वान मोठ्या नाण्यांचे की लहान?

शाईची_दौत
इंग्रजीत तसा उल्लेखच नाही. मी मूळ चिनी वाचू शकत नाही.

हिशेबी_काकू
मग पैसे घरी कोणी आणि कसे नेले, ते कथेत पाहा. जिन म्हणजे सुमारे ६४० ग्रॅम. ८ ग्वान लहान नाणी असतील तर वजन ३३ किलो भरेल, हलकी मोठी नाणी असतील तर ६५ आणि जड मोठी असतील तर १३०. माळेत शंभराला ७७ च नाणी असतील, तर प्रत्येक आकड्यातून पावणेचौथा हिस्सा वजा करावा.

गणिताचा_तास
‘पावणेचौथा हिस्सा’ असे काही नसते. शंभरातून तेवीस गेले, म्हणजे चौथ्याहून किंचित कमी. बाकी युक्ती मात्र उत्तम आहे.

शाईची_दौत
पाहिले. विधवेचा बारा वर्षांचा मुलगा ते पैसे कावडीतून एकाच खेपेत घरी आणतो, वाटेत दोनदा टेकतो.

पंचगंगा
३३ किलो तो फार तर वाटेत दोनदा टेकून आणू शकेल. १३० किलो हा मुलगा जागचे हलवू शकणार नाही आणि ६५ देखील कठीणच. लहान नाणी समजावीत. म्हणजे तांब्याची ८०० नाणी, सुमारे ४० किलो तांदूळ, म्हणजे २,००० रुपये. भाव पुराच्या वर्षाचा असल्याने प्रत्यक्षात काहीसे अधिक. तळटीपेत रुपयांआधी तांदूळ लिहावा, रुपया पुढच्या वर्षी बदलेल.

शाईची_दौत
माग विकून तिची आयुष्याची ददात मिटली, असे वाक्य मी अनुवादात स्वतःहून घातले होते. इंग्रजीत तेथे फक्त ‘तिने पैसे मोजले नाहीत’ एवढेच आहे. ते वाक्य काढून टाकतो आणि संपादकांना आणखी एक दिवस मागतो.

जुनी_मोड
लोखंडी नाणी गंजतात, त्यामुळे चांगल्या स्थितीत असल्यास जरूर कळवावे.