दारूखान्यातला जुना अल्फा वन होडीला बसवू का? बजेट दीड लाख

निखिल_करंजा: नमस्कार मंडळी. मुंबईत दारूखान्याच्या भंगारबाजारात एकाकडे मर्क्रूझर अल्फा वनचा लेग (इंजिन होडीच्या आत, हा मागे बाहेर लटकणारा गिअर आणि प्रॉपचा भाग) मिळाला, ट्रान्सम (होडीची मागची भिंत) असेंब्लीसकट, 22 हजारात उचलला. प्रॉप (पाण्यातला पंखा) हाताने फिरतो पण गिअर ऑइल काढलं तर दूध घातलेल्या कॉफीसारखं. 18 फुटी फायबरची होडी घरामागे अर्धी झालीय, 3 लिटरचं चार सिलिंडर मरीन इंजिन एकाकडे बघून ठेवलंय. इंजिन धरून दीड लाखात बसेल का, आणि आधी काय उघडू?

वेसावकर: नवा 60 एचपीचा आऊटबोर्ड (इंजिनासकट अख्खी मोटार बाहेर) घे आणि विषय संपव. माझा सहा वर्षं चालतोय, इम्पेलर (थंड करायला पाणी खेचणारा रबरी पंखा) आणि प्लग सोडून हात लावला नाही.

निखिल_करंजा: दादा तेवढे पैसे असते तर दारूखान्यात कशाला गेलो असतो.

माझगाव_फिटर: ऑइल असं झालं म्हणजे पाणी शिरलंय, नुसतं ऑइल बदलून बसवू नकोस. ऑइल काढून आत 15 पीएसआयपर्यंत हवा भर आणि पिंपात बुडव, बुडबुडे कुठून येतात ते बघ. दुसरं म्हणजे गिअरचा रेशो (प्रॉपच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या) तपास, मोठ्या व्ही-8 इंजिनाचा लेग असेल तर दीडच्या आसपास असतो, तुझ्या इंजिनाला दोनच्या जवळ लागतो नाहीतर होडी वेगात पाण्यावर उठणारच नाही. फॉरवर्डला टाकून वरचा शाफ्ट 20 वेळा फिरव आणि प्रॉप किती फिरतो ते मोज.

बेलापूर_खाडी: बेलो बेलो बेलो!! मी पुढच्या सीझनला बदलू म्हणून ढकललं, यू-जॉइंटचा बेलो (इंजिनातून लेगकडे जाणाऱ्या शाफ्टच्या जोडावरचं घड्यांचं रबर) फाटला, पाणी शिरलं आणि होडी मुरिंगला (पाण्यात बांधून) उभी असतानाच मागून बसली, इंजिन गेलं, सीटा गेल्या, अजून वाईट वाटतं. लेग वर उचलला तरी ते रबर पाण्यातच राहतं हे लोकांना माहीतच नसतं.

मढ_आयलंड: मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड (लेग गंजू नये म्हणून त्याच्याऐवजी झिजणारे धातूचे तुकडे) लाव, लवकर काम करतात.

माझगाव_फिटर: ते गोड्या पाण्याचे. समुद्रात काही दिवसांत संपतील, इथे झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियम. आणि लेगवर तांब्याचा रंग मारू नका, अंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, सडतं.

मढ_आयलंड: माझ्या मित्राने पवईत लावलेले, वर्ष टिकले.

माझगाव_फिटर: पवईचं पाणी गोडं आहे हो.

ठाण्याचा_अमोल: मरीन इंजिन कशाला, गाडीचं पेट्रोल इंजिन टाक, 30 हजारात मिळतं.

बेलापूर_खाडी: नको! गाडीच्या स्टार्टर-अल्टरनेटरची ठिणगी बाहेर येते, बंद खोक्यात पेट्रोलची वाफ साठली की भडका उडतो. मरीनचेच लाव आणि स्टार्ट करण्याआधी 4 मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालव.

वेसावकर: म्हणून म्हणतो आऊटबोर्ड. आपल्याकडे ओहोटीला होडी चिखलात बसते, लेगच्या पाण्याच्या भोकात गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या, इम्पेलर जळलाच समजा.

मुरुडकर: आऊटबोर्डच बरा. माझ्याकडे दोन आहेत.

निखिल_करंजा: रविवारी टेस्ट केली. 20 फेऱ्यांना प्रॉप दहा पूर्ण होऊन किंचित पुढे गेला म्हणजे रेशो जमतो ना? बुडबुडे प्रॉप शाफ्टच्या सीलमधून, प्रॉप काढला तर मागे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) घट्ट गुंडाळलेला, सील कापूनच टाकलंय. वरून काही नाही.

माझगाव_फिटर: रेशो बरोबर आहे. शाफ्टवर सीलच्या जागी नखाला लागेल असा चर पडलाय का बघ, पडला असेल तर नवं सील पण गळेल. ट्रान्सम 2 ते सव्वादोन इंच जाडीचाच कर आणि दोन्ही बाजू समांतर ठेव, भोक कापण्याआधी चार ठिकाणी मोज.

निखिल_करंजा: चर नाही. मंडळी, मी हाच लेग बसवतोय. बेलो, गिंबल बेअरिंग (ट्रान्सममधून जाणाऱ्या शाफ्टचं), इम्पेलर नवीन मागवले, आणि होडी पाण्यात ठेवणारच नाही, ट्रॉलीवर घरी. आऊटबोर्ड सांगणाऱ्यांचं पटतं पण तो माझ्या हातून कधी होणार नाही, हा दिवाळीपर्यंत होईल.

वेसावकर: पैसे वाया जातील. बघ तू.

माझगाव_फिटर: पहिल्यांदा पाण्यात उतरवशील तेव्हा इंजिनाचं झाकण काढून अर्धा तास आत बॅटरी मारत बसून राहा, कुठेही जाऊ नकोस. रविवार असेल तर मी करंजाला येतो.