बियाणं खरेदीत भावकी-शेजाऱ्यांचा प्रभाव मोजायचा कसा? (लातूर-नांदेड)

औसा_संशोधन: लातूर-नांदेड भागात सोयाबीनच्या वाणनिवडीवर पीएचडीचं काम चालू आहे. बेअर्डन, नेटेमेयर आणि टील यांची १९८९ ची १२ विधानांची पट्टी (खरेदी करताना माणूस इतरांच्या प्रभावाखाली किती येतो, हे मोजणारी) मराठीत आणली. पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) जवळजवळ सगळेच प्रत्येक विधानाला 'सहमत' म्हणतात, आणि माहितीच्या ४ विधानांचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७ च्या खाली जातो. गटाबद्दलचा आपलेपणा त्याच पट्टीत येतो की वेगळा मोजायचा? २० गावं, प्रत्येकी २० शेतकरी असा बेत आहे.

मापनपट्टी: त्या पट्टीत ८ विधानं दबावाची आहेत (लोकांना पटेल ते घेणं) आणि ४ माहितीची (विचारून, बघून घेणं). दोन्हींची एकत्र बेरीज करू नका. बियाण्यात माहितीचा वाटा मोठा असणार, कारण बांधापलीकडचं पीक दिसतंच. मूळ विधानं फॅशन आणि ब्रँडच्या खरेदीभोवतीची आहेत. ती वाणावर बेतली नाहीत तर माणूस नुसती मान डोलावतो. 'इतर लोक' असं मोघम ठेवू नका. भावकी, बांधशेजारी, कृषी सेवा केंद्रवाला, शेतकरी गट, प्रत्येकाबद्दल वेगळं विचारा.

सगळी विधानं एकाच दिशेची असल्यानं होकाराची सवय कुठली आणि खरा प्रभाव कुठला, हे कळत नाही. तरी उलटी विधानं घालू नका. "मी कुणाला विचारत नाही" याला तोंडी "पटत नाही" म्हणताना लोक अडखळतात, अल्फा आणखी पडतो. त्यापेक्षा निवड करायला लावा: "नवं वाण आलंय, शेजाऱ्यानं अजून पेरलं नाही. घ्याल की एक हंगाम थांबाल?" थांबणार म्हणाले तर लगेच पुढचा प्रश्न: पीक बघून ठरवायचं म्हणून, की फसलं तर लोक नावं ठेवतील म्हणून? माहिती आणि दबाव इथं वेगळे होतात.

अल्फासाठी प्रत्येक विधानाचा उरलेल्यांच्या बेरजेशी सहसंबंध काढा. ०.३ च्या खालचं विधान आधी तपासा; बहुतेकदा वाक्यरचनाच नडते.

गटभान: आपलेपणा वेगळाच मोजा. भावकीत जीव असूनही बियाणं स्वतःच्या मतानं घेणारे असतात. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले तर त्यांच्यातला संबंध तपासताच येणार नाही. लीच आणि सहकाऱ्यांची २००८ ची, गटाबद्दलचा आपलेपणा मोजणारी पट्टी १४ विधानांची, ५ भागांची आहे. शेतावरच्या मुलाखतीला ती लांब पडते. एकजुटीची ३ आणि केंद्रस्थानाची (स्वतःच्या ओळखीत गट किती महत्त्वाचा) ३ पुरेत. कमी शिकलेल्यांसाठी अॅरन यांची १९९२ ची वर्तुळं उत्तम: एक वर्तुळ 'मी', दुसरं गट, कमी-जास्त एकमेकांत शिरलेल्या ७ जोड्या. मूळ चाचणी दोन व्यक्तींमधल्या जवळिकीची आहे, म्हणून गटासाठी वापरताना आधी सराव करून घ्या.

शेतकरी गटाचं सभासदत्व म्हणजे आपलेपणा नव्हे. शेवटच्या बैठकीला गेले होते का, ते विचारा. आणि खरेदीचे प्रश्न आधी, गटाचे नंतर. उलट केलंत तर गट डोक्यात ठेवून पुढची उत्तरं येतात.

आकडेमोड: एका गावातली उत्तरं एकमेकांसारखी असतात, म्हणून ४०० हे खरे ४०० नाहीत. गावांतर्गत सहसंबंध (एका गावातली उत्तरं किती सारखी, याचा आकडा) ०.०५ धरला तर १ + १९ × ०.०५ = १.९५; ४०० ला त्यानं भागलं की हाती साधारण २०५ जणांइतकीच माहिती. ४० गावं, प्रत्येकी १० घेतले तर हा भाजक १.४५, म्हणजे सुमारे २७६. फिरणं वाढेल, पण ते वसूल होतं.

दुसरं, दोन शेजाऱ्यांनी एमएयूएस ७१ हे सोयाबीनचं एकच वाण पेरलं म्हणजे एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असं नाही. दुकानात तेवढंच शिल्लक असेल, जमीनही सारखी असेल. अर्थशास्त्रज्ञ मॅन्स्की यांनी १९९३ मध्ये हीच अडचण मांडली. म्हणून कोण कुणाशी आणि कधी बोललं ते विचारा, जास्तीत जास्त ५ नावं, नोंद सांकेतिक क्रमांकानं. प्रत्येक केंद्रात त्या आठवड्यात कोणती वाणं होती, तेही टिपा.

औसा_संशोधन: मग जूनमध्ये केंद्राबाहेरच मुलाखती घेतल्या तर?

मापनपट्टी: नको. दुकानदार ऐकत असताना त्याच्या सल्ल्याबद्दल कुणी मोकळं बोलणार नाही. पारावरही नको, तिथं चौघांसमोर शोभेल तेच उत्तर मिळतं. पेरणी उरकल्यावर पंधरा दिवसांत, घरी किंवा शेतात, एकट्याला गाठा. रिकामी पिशवी असेल तर वाण तिच्यावरूनच टिपा.