हीटरच्या नळीसाठी टी-जोड : पितळ, स्टील की जी.आय.?

प्रश्न
नमस्कार. माझ्या बारा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीत हीटरकडे जाणाऱ्या नळीतला प्लॅस्टिकचा टी-जोड (तीन तोंडांचा, टी आकाराचा जोड) गेल्या आठवड्यात खंबाटकी घाटात तडकला. काढताना तो भिजलेल्या बिस्किटासारखा बोटांत तुटत होता, त्यामुळे आता धातूचाच बसवावा असा विचार आहे. इंजिनाचे हेड (वरचा भाग) व रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असून नळीचा आतला व्यास १६ मिमी आहे. हार्डवेअरच्या दुकानात जी.आय.चा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) टी स्वस्तात मिळतो. तो चालेल का?

प्रतिसाद १
जी.आय. कृपया बसवू नये. त्यावरचा जस्ताचा थर ग्लायकॉलयुक्त कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) टिकत नाही, आणि त्यातून होणारा गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. शिवाय नळकामाच्या फिटिंगच्या आट्यांवर क्लिप आवळली की रबर कापले जाते. लेथवाल्याकडून अखंड पितळेतून टी करून घ्यावा : बाहेरचा व्यास १६ मिमी, भोक १३ मिमी आणि प्रत्येक टोकाला गोलसर उंच कड. क्लिप कडेच्या मागे बसली पाहिजे, कडेवर नव्हे. स्टेनलेस स्टीलही उत्तम, मात्र त्याची घडाई महाग पडते.

प्रतिसाद २
पितळ अ‍ॅल्युमिनियमला खाते, ही भीती येथे बरीचशी अनाठायी आहे, कारण दोन धातूंमध्ये विद्युतप्रवाह वाहण्यासाठी ते एकमेकांना धातूनेच जोडलेले असावे लागतात आणि तुमचा टी तर सर्व टोकांनी रबरी नळीत अडकलेला आहे. हेडमध्ये थेट आट्यांनी बसणारी फिटिंग असती, तर मी अधिक काळजी घ्यायला सांगितले असते. तरीही अनेक इंजिनांत तापमानाचा सेन्सर पितळी कवचाचाच असतो. खरा शत्रू म्हणजे कूलंटमध्ये मिसळलेले बोअरचे पाणी. क्षार आणि संपलेले गंजरोधक यांमुळे पाण्यात उतरलेले तांबे अ‍ॅल्युमिनियमवर साचून तेथे खड्डे पाडते. म्हणून जोडापेक्षा कूलंटकडे आधी पाहावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. पितळी टी करून घेतला. आतल्या भोकांच्या छेदापाशी राहिलेली धातूची खरखरीत कड मात्र मला स्वतः कानसावी लागली. तो प्लॅस्टिकपेक्षा बराच जड असल्याने नळी लोंबू नये म्हणून ब्रॅकेटला बांधला आहे. कूलंट पूर्ण बदलले, आणि गाडी तापून निवल्यावर क्लिपा पुन्हा अर्धा फेरा आवळल्या, कारण पहिल्या दिवशी एका टोकाशी थेंब जमला होता.