चर्चच्या भुताच्या भागाला कुलूप आहे, आत कसं जायचं? (तातडीने मदत हवी आहे)

मोगरा
काल संध्याकाळी चर्चला गेलो. आवार सगळं फिरलो, पण ज्या भागाबद्दल एवढं ऐकलं होतं त्याच्या लोखंडी फाटकाला कुलूप. विचारायला कुणी नव्हतं. किल्ली कुणाकडे असते? परवा सकाळी परतीची गाडी आहे, म्हणजे उद्याचाच दिवस हातात. ज्यांनी आतून पाहिलंय त्यांनीच सांगा, कृपया लवकर.

मांडवी_काठ
ताई, गोव्यातलं कासावलीच्या टेकडीवरचं थ्री किंग्ज चॅपल ना? मी जवळच्याच गावची. तिथे भूतबीत काही नाही हो. ६ जानेवारीला फेस्त असतं, आसपासच्या गावांतली तीन मुलं राजे बनतात, सगळा गाव लोटतो. रात्री भूत शोधायला येणाऱ्यांचा आम्हाला फार मनस्ताप होतो. आमचं ते प्रार्थनेचं ठिकाण आहे.

सह्यकडा
कुठलं शहर, कुठलं चर्च, काहीच लिहिलेलं नाही. गाडी कुठून कुठे?

मोगरा
स्कॉटलंडमधलं एडिंबरा. ग्रेफ्रायर्स चर्च. गाडी लंडनची. गोवा नाही.

उत्तररात्र
मी दोन वर्षं तिथे शिकायला होतो. ते फाटक कव्हेनंटर्स प्रिझनचं, म्हणजे कव्हेनंटर्स नावाच्या बंडखोरांना डांबलं होतं त्या जुन्या तुरुंगाचं आहे. किल्ली मागून मिळत नाही, रात्रीच्या टूरबरोबरच आत सोडतात. सिटी ऑफ द डेड नावाची भुतांची टूर आहे, ते १९९९पासून नेतात. आजच ऑनलाइन बुकिंग करा. चालणं बरंच आहे आणि शेवटी ब्लॅक मॉसोलियम नावाच्या काळोख्या थडग्यात सगळ्यांना दाटीवाटीने उभं करतात. लोकांना ओरखडे उठतात, भोवळ येते असं सांगतात. माझ्या गटातली एक मुलगी मटकन खाली बसली. मला काही जाणवलं नाही, फक्त थंडी.

गणुकाका
टूरचे पैसे कशाला घालवता? मॅकेंझीचं थडगं बाहेरच आहे, घुमटाचं, गोल. आम्ही भरदुपारी पाहिलं. भूत त्याचंच ना?

उत्तररात्र
काका, घुमटाचं थडगं मॅकेंझीचं आहे, ते बरोबर. पण टूर नेतात ते ब्लॅक मॉसोलियम वेगळं, फाटकाच्या आत. ही गल्लत सगळेच करतात.

गणुकाका
भूत एक आणि घरं दोन? मग नक्की दिसतं कुठे ते तरी सांगा. आणि मोगराताई, जाणार असाल तर मारुतीस्तोत्र म्हणून जा. मी मनापासून सांगतोय.

चहाबाज
कोपऱ्यावर बॉबी कुत्र्याचा पुतळा आहे, त्याच्या नाकाला हात लावू नका. नशीब उघडतं म्हणून पर्यटक घासतात आणि नाकावरचा काळा रंग पार उडालाय. मालक १८५८मध्ये गेला, कुत्रा १८७२पर्यंत त्याच्या थडग्यापाशी राहिला असं सांगतात. बॉबीचा दगड आवाराच्या मुख्य फाटकातून आत शिरल्यावर लगेच दिसतो. त्याच्यासाठी लोक काटक्या ठेवून जातात, तेवढं करा.

पुरणपोळी
शाकाहारी असाल तर स्कॉटलंडमध्ये हॅगिससुद्धा (मेंढीच्या काळीज-फुफ्फुसांचा तिथला पदार्थ) शाकाहारी मिळतं. माझ्या सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं.

सह्यकडा
जेवणाचं कुणी विचारलेलं नाही. मोगरा, बरोबर कोण आहे? लहान मूल असेल तर ती टूर नको.

मोगरा
मूल नाही. माझे सासरे. वय ७८, दोन्ही गुडघे दुखतात, अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहवत नाही. रात्रीची टूर जमणारच नाही. ते इतिहासाचे शिक्षक होते. भूत नको आहे त्यांना, तो तुरुंग पाहायचा आहे. काल फाटकाशी उभे राहून काही न बोलता परत फिरले, ते मला बघवेना.

उत्तररात्र
हे आधी सांगायचं होतंत! मग टूर सोडाच. आतली थडगी नंतरच्या काळातली आहेत. तेव्हा तिथे नुसतं उघडं मैदान होतं. १६७९मध्ये बॉथवेल ब्रिजच्या लढाईत हरलेल्या शेकडो कव्हेनंटर्सना तिथे उघड्यावर डांबलं होतं. कित्येक तिथेच मेले. उरलेल्यांतल्या अडीचशेच्या वर लोकांना जहाजात कोंबून अमेरिकेकडे धाडलं, ते जहाज डिसेंबरात स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांजवळ फुटलं आणि बहुतेक बुडाले. त्यांच्यावर खटले चालवणारा सरकारी वकील म्हणजेच हा मॅकेंझी. तोही त्याच आवारात पुरलेला आहे, म्हणून तर भुताची गोष्ट त्याला चिकटली.

बाबांना दिवसा न्या. फाटकाच्या गजांतून आतली वाट लांबवर दिसते. बरोबर घडीचं स्टूल घ्या. मग चर्चमध्ये जा. १६३८चा करारनामा (कव्हेनंट, त्यावरूनच कव्हेनंटर्स) आहे ना, राजाने आमच्या उपासनेत ढवळाढवळ करू नये म्हणून लोकांनी सह्या केल्या तो, त्याची त्या काळातली प्रत तिथे ठेवली आहे. हे सगळं त्या सह्यांपासून सुरू झालं. आवारातच हुतात्म्यांचं स्मारकही आहे, तिथे कुलूप नाही.

मोगरा
करारनाम्याची प्रत आहे हे ठाऊकच नव्हतं. बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, चष्मा मागितला आणि स्वतः परत वाचलं. उद्या रविवार आहे, चर्च उघडं असतं का? पायऱ्या किती?

उत्तररात्र
रविवारी सकाळी प्रार्थना असते, ती चालू असताना आत फिरू नका. वेळ दारावरच्या पाटीवर बघा. कँडलमेकर रो चढाची आहे, त्या बाजूने चालत येऊ नका. टॅक्सीला बॉबीच्या पुतळ्यापाशी थांबवायला सांगा.

गणुकाका
माझ्याकडून त्यांना नमस्कार सांगा. मीही शाळेतच होतो.