बीएस-४ डिझेल पिकअपसाठी ट्यूनर आणि गेज डिस्प्ले: आधी काय घ्यावे?

सावनेर_नाका (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. इंजिन २.५ लिटरचे, बीएस-४ (बीएस-६ च्या आधीच्या उत्सर्जन मानकाचे) आहे, गिअरबॉक्स मॅन्युअल आहे आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे १३४ अश्वशक्ती व ३२० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. गाडी खासगी नोंदणीची आहे आणि वॉरंटी संपलेली आहे. नागपूर शहरात किंवा समृद्धी महामार्गावर तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. परंतु आमची शेती छिंदवाड्याकडे असल्यामुळे सावनेर, सौंसर, रामाकोना असे करत सिल्लेवानीचा घाट नेहमी चढावा लागतो, आणि मागे पंप किंवा ठिबकच्या नळ्या असल्या, एसी चालू असला, त्यात नवतपा असला, की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नाही आणि दुसऱ्यात नुसती ओरडते.

वाडीच्या एका गॅरेजने मला ट्यूनिंग बॉक्स (सेन्सरच्या वायरीत जोडायचा, ताकद वाढवणारा डबा) सुचवला आहे, तर दुसऱ्याचे म्हणणे असे की बॉक्सच्या भानगडीत न पडता ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सरळ रीमॅप करून (त्यातला प्रोग्रॅम बदलून) घ्यावा. माझा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. तिथे डिझेल ट्रकवर ट्यूनर (इंजिनची ताकद वाढवणारे यंत्र) आणि गेज (तापमान, दाब वगैरे दाखवणारा मापक) एकाच पडद्यात असलेले यंत्र सर्रास लावतात, तेच येताना घेऊन येतो असे तो म्हणतो. खर्चाची माझी तयारी पन्नास हजारांपर्यंत आहे. यांपैकी काय निवडावे, आणि डिस्प्लेवर नेमके कोणते आकडे दिसणे गरजेचे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खापरखेडा_डिझेल

नमस्कार. पंप आणि नोझलच्या कामात बरीच वर्षे काढली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

भाच्याला आधी थांबवा. अमेरिकेतली ती यंत्रे चांगली असतात, पण त्यांतील ट्यून (इंजिनसाठी बदललेली सेटिंग) तिथल्या ठरावीक इंजिनांसाठी, म्हणजे राम ट्रकमधील कमिन्स, फोर्डचे पॉवर स्ट्रोक आणि जीएमचे ड्युरामॅक्स यांच्यासाठी लिहिलेले असतात. यंत्र गाडीचा ईसीयू ओळखते आणि आपल्या यादीत नसलेल्या गाडीवर काहीही लिहीत नाही. एज कंपनीचेच उदाहरण घ्या. तिचे इनसाइट हे फक्त आकडे दाखवणारे यंत्र आहे आणि इव्होल्यूशन हे ट्यूनही करणारे आहे. दोन्हींचा पडदा सारखाच दिसत असल्यामुळे लोकांची गल्लत होते. बँक्सचे आयडॅश हेही मुळात गेज आहे, ट्यूनर वेगळा घ्यावा लागतो. आपल्या व्ही-क्रॉसवर यांपैकी फार तर गेजचा भाग चालेल, आणि तोही ओबीडीच्या (गाडीच्या तपासणी सॉकेटच्या) सर्वसामान्य आकड्यांपुरताच.

आता मुख्य मुद्दा. माझे मत विचाराल तर गेज आधी घ्यावे आणि ट्यूनरचा विचार एक उन्हाळा गेल्यावर करावा. कारण असे की पेट्रोल इंजिनात इंधन कमी पडले तर तापमान वाढते, डिझेलमध्ये मात्र उलटे होते. हवा तेवढीच ठेवून डिझेल जास्त सोडले की एक्झॉस्टचे तापमान, म्हणजे ईजीटी, चढत जाते आणि त्याबरोबर काळा धूर येतो. ट्यूनर कोणताही असो, शेवटी तो डिझेलच वाढवतो. ते जाळायला पुरेशी हवा आहे की नाही हे मे महिन्यातल्या घाटात ठरते, गॅरेजबाहेरच्या चक्करीत नव्हे. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. शिवाय इंटरकूलरच्या जाळीत धूळ बसलेली असेल तर टर्बोने दाबलेली गरम हवा पुरेशी थंड होत नाही. अशा वेळी जानेवारीत निमूट चालणारा ट्यून मे महिन्यात पिस्टन आणि टर्बो दोघांनाही भाजतो.

टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरमधला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांत) मोजलेले तापमान चढावर सलग ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. ओव्हरटेक करताना क्षणभर वर गेले तर बिघडत नाही. अख्खा घाट त्यावर काढणे वाईट. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. त्यांना खालून ऑइलचा फवारा थंड ठेवतो म्हणून ते टिकतात, आणि त्या फवाऱ्यालाही मर्यादा आहे.

हा आकडा आपल्याला ओबीडीवर मिळेलच असे समजू नका. ओबीडीला लावलेला कोणताही डिस्प्ले, दोन हजारांचा असो वा तीस हजारांचा, ईसीयूला जे माहीत आहे तेवढेच दाखवतो. बीएस-६ गाड्यांत डीपीएफच्या (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या गाळणीच्या) देखरेखीसाठी कंपनीच एक्झॉस्टमध्ये तापमानाचे सेन्सर बसवते. बीएस-४ गाडीत ते बहुधा नसतात, आणि सेन्सरच नसेल तर पडद्यावर ईजीटीची जागा रिकामी राहते. म्हणून स्वतःचा थर्मोकपल (तापमान मोजणारा प्रोब) जोडता येईल असेच गेज घ्या. के-प्रकारचा थर्मोकपल सहज मिळतो.

बाकी आकड्यांत बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), कूलंटचे तापमान आणि इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान एवढे पुरेत. बूस्टबाबत एक सांगतो. ओबीडी इनटेक मॅनिफोल्डमधला निरपेक्ष (बाहेरच्या हवेचा दाब धरून) दाब देते, त्यामुळे गाडी नुसती उभी असतानाही साधे डिस्प्ले शंभरच्या आसपास किलोपास्कल दाखवतात आणि लोक घाबरतात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब साधारण ९७ किलोपास्कल धरून तेवढा वजा केला की खरा बूस्ट मिळतो.

आणि हो, ट्यूनरवर पैसे घालण्यापूर्वी एअर फिल्टर, इंटरकूलरचे रबरी पाइप आणि ईजीआरकडून (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेकडून) इनटेकमध्ये साचलेली काजळी तपासून घ्या. इतक्या वर्षांच्या गाडीची ओढ कमी झाली असेल तर निम्म्या वेळा कारण यांतच सापडते.

कुरई_घाटवाला

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु ट्यूनिंग बॉक्सबद्दलची इतकी धास्ती मला अनाठायी वाटते. माझ्या डिझेल एसयूव्हीवर बॉक्स बसवलेला आहे आणि शिवनीकडे जाताना कुरईचा घाट मी आता गिअर न उतरवता चढतो. बॉक्स बसवायला अर्धा तासही लागत नाही. रेल प्रेशर, म्हणजे नोझलना डिझेल देणाऱ्या नळीतला दाब, मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर काढायचा, मध्ये बॉक्सची वायर जोडायची, झाले. गाडी विकताना किंवा सर्व्हिसला देताना तो काढून ठेवता येतो, ईसीयूला हात लागत नाही. शिवाय माझ्या डॅशबोर्डवर मायलेज लिटरमागे दीड किलोमीटरने वाढलेले दिसते, आणि रेल प्रेशर ओबीडीवर पाहिले तर तेही पूर्वीइतकेच आहे. म्हणजे पंपावर ताण नाही. प्रश्नकर्त्यांनी उगाच उन्हाळाभर थांबण्याचे कारण मला दिसत नाही.

खापरखेडा_डिझेल

आपला अनुभव नाकारत नाही, घाट सोपा झाला असणारच. पण आपण दिलेले दोन्ही आकडे त्या बॉक्समुळेच खोटे आहेत, हे कृपया लक्षात घ्या.

बॉक्स सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला रेलमधला दाब खऱ्यापेक्षा कमी सांगतो. समजा ईसीयूला १,२०० बार हवे आहेत आणि रेलमध्ये तेवढे आहेतही. बॉक्स सांगतो १,०८०. ईसीयू पंपाला अजून दाब वाढवायला लावतो, खरा दाब १,३०० च्या पुढे जातो, आणि ईसीयूपर्यंत मात्र समाधानकारक १,२०० पोहोचतात. आपण ओबीडीवर पाहता तो आकडा ईसीयूचाच आहे, म्हणून तो पूर्वीइतका दिसतो. ज्या मुनिमाला चुकीची पावती दिली आहे त्याच्याच वहीत आपण शिल्लक तपासत आहात.

मायलेजचेही तसेच. नोझल किती वेळ उघडे होते आणि रेलमध्ये किती दाब होता, यांवरून ईसीयू डिझेलचा हिशेब मांडतो. दाब कमी समजला की डिझेलही कमी समजते आणि डॅशबोर्डवरचे मायलेज आपोआप सुधारते. टाकी काठोकाठ भरून, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा तशीच भरून, लिटर आणि किलोमीटर यांचा भागाकार करून पाहा. तेव्हा निघेल ते खरे मायलेज.

बॉक्स सगळेच वाईट नसतात. फक्त रेल प्रेशरला फसवणारे स्वस्त बॉक्स वेगळे आणि बूस्टच्या सिग्नलवरही काम करणारे बहुवाहिनी बॉक्स वेगळे. पहिल्या प्रकारात डिझेल वाढते, हवा मात्र ठरल्याप्रमाणे वाढत नाही, आणि त्याची किंमत ईजीटीत दिसते. रीमॅपमध्ये, तो नीट केला असेल तर, बूस्ट, इंजेक्शनचा कालावधी आणि त्याची वेळ, टॉर्कची मर्यादा आणि धुराची मर्यादा (धूर टाळण्यासाठी हवेच्या मानाने डिझेलवर घातलेली) हे सगळे एकमेकांशी जुळवून बदलता येते. म्हणून प्रश्नकर्त्यांना करायचेच असेल तर मी रीमॅप सुचवीन, पण तयार फाइल टाकणाऱ्याकडून नव्हे. रीमॅप करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: मूळ फाइल तुम्ही वाचून मला देणार का, धुराची मर्यादा कायम ठेवणार का, आणि २,००० आरपीएमच्या खाली टॉर्क किती वाढवणार. तिसऱ्याचे उत्तर "भरपूर" असे आले तर तिथून उठावे. व्ही-क्रॉसचा मूळ ३२० न्यूटन-मीटर टॉर्क १,८०० पासूनच मिळतो. त्याच्याही खाली जोर लावला तर चढावर पहिला जीव क्लचचा जातो.

आरटीओ_रोड

तांत्रिक बाजूवर मला बोलायचे नाही, कायद्याची बाजू सुटू नये एवढ्यासाठी लिहितो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ च्या चौथ्या उपकलमानुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनमालकाला ६ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन कलम १९० मध्ये येते आणि तिथे दंडाची मर्यादा १०,००० रुपये आहे. नुसते गेज लावल्याने इंजिनात किंवा उत्सर्जनात काही बदलत नाही, त्यामुळे गेज आणि ट्यूनर यांना एकाच मापाने मोजू नये.

पीयूसीत गाडी पास झाली म्हणजे सगळे ठीक आहे, असेही समजू नये. डिझेल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीवर ॲक्सिलरेटर दाबून होते आणि बीएस-४ साठी धुराच्या शोषण गुणांकाची (धूर किती प्रकाश अडवतो त्या मापाची) मर्यादा मीटरमागे १.६२ आहे. घाटात भार घेऊन चढताना निघणारा धूर त्या चाचणीत येतच नाही.

कोणी ईजीआर बंद करण्याचा किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्ट स्वच्छ करणारा भाग) पोकळ करण्याचा सल्ला दिला तर तो ऐकू नये. ज्या अमेरिकेचे दाखले इथे दिले जातात तिथेच ही गोष्ट आता अंगलट आली आहे. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये अंदाज प्रसिद्ध केला की मागील दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची उत्सर्जन यंत्रणा काढून टाकलेली आहे. त्यानंतर अशी ट्यूनर विकणाऱ्यांवर कारवाईचा सपाटा लागला. आणि विमा कंपनीला बदल न कळवता दावा केला तर तो नाकारला जाण्याची जोखीम वाहनमालकाचीच असते.

सावनेर_नाका

सर्वांचे आभार. भाच्याला यंत्र आणू नको असे कळवले आहे. आधी फिल्टर आणि इंटरकूलर तपासून घेईन आणि मग थर्मोकपलचे गेज बसवीन. दोन शंका उरल्या आहेत. गॅरेजवाले म्हणतात की मॅनिफोल्डला भोक पाडणे धोक्याचे आहे, प्रोब टर्बोच्या पुढे सायलेन्सरच्या पाइपात बसवू. ते चालेल का? आणि वेगळ्या गेजऐवजी ब्लूटूथचा ओबीडी अडॉप्टर घेऊन मोबाइलवरच बाकीचे आकडे पाहिले तर?

खापरखेडा_डिझेल

टर्बोच्या पुढे बसवता येतो, पण टर्बाइन त्या वायूतील उष्णता कामाला लावत असल्यामुळे तिथे तापमान कमी दिसते. भार असताना हा फरक शंभर-दीडशे अंशांचा किंवा त्याहून जास्त असतो आणि तो भाराप्रमाणे बदलतो, म्हणून त्यात ठरावीक आकड्याची बेरीज करून खरे तापमान काढता येत नाही. मॅनिफोल्डमध्येच बसवा, जिथे चारही सिलिंडरचे मार्ग एकत्र येतात तिथे. गॅरेजवाल्यांची भीती अगदीच खोटी नाही. बीडाचा कीस टर्बाइनमध्ये गेला तर पाती खराब होतात. उपाय सोपा आहे: मॅनिफोल्ड उतरवून भोक पाडायचे आणि आटे मारायचे. वेळ जास्त जातो, गॅस्केट नवे लागते, पण मन शांत राहते. मॅनिफोल्ड न उतरवता करणारे ड्रिलला आणि टॅपला ग्रीस लावतात आणि शेवटी चुंबक फिरवतात. हात सवयीचा असेल तर तेही जमते, नवशिक्याला करू देऊ नका.

मोबाइलचा पर्याय तपासणीपुरता चांगला आहे, कायमचा नाही. मे महिन्यात काचेजवळ ठेवलेला मोबाइल तापून स्वतःच बंद पडतो, आणि नेमका घाटात पडतो. स्वस्त अडॉप्टर एका वेळी एकच आकडा मागतात, त्यामुळे पाच-सहा आकडे लावले की प्रत्येक आकडा उशिरा बदलतो. गाडी उभी असताना ते काढून ठेवावेत, नाहीतर बॅटरी उतरते.

गेज घेताना पडद्याच्या रंगांपेक्षा बझर आहे की नाही ते पाहा. वळणावर नजर रस्त्यावरच असायला हवी. बझर ६५० वर लावा. तो वाजला की आधी गिअर उतरवा, ॲक्सिलरेटर थोडा सोडा. आरपीएम वाढले की टर्बो जास्त हवा देतो आणि तापमान थोड्याच वेळात खाली येते. माथ्यावर चहाला थांबलात तर आकडा २०० च्या खाली येईपर्यंत इंजिन चालू ठेवा. मूळ स्थितीतच ही गाडी पूर्ण भारावर घाटात ६५० ला टेकत असेल, तर तिच्यात ट्यूनसाठी जागा उरलेली नाही आणि रीमॅपचे पैसे वाचले असे समजा. ५५० च्या आसपास राहत असेल तर ते आकडे घेऊन रीमॅपवाल्याकडे जा आणि दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त मागू नका.