कोंडीत एअर-कूल्ड इंजिनचे ऑइल १२५ अंशांवर जाते. चिंता करावी का?

प्रश्न
माझी मोटरसायकल ३५० सीसीची, एका सिलिंडरची आणि एअर-कूल्ड आहे. ऑइल भरण्याच्या टोपीच्या जागी तापमापक असलेली टोपी बसवली आहे. महामार्गावर ताशी ७० किलोमीटरच्या आसपास काटा ९५ ते १०० अंश सेल्सिअसवर स्थिर असतो. मात्र हिंजवडीच्या कोंडीत, एप्रिलमधल्या दुपारी, तो हळूहळू १२५ पर्यंत चढतो आणि न्यूट्रल सापडेनासा होतो. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-५० ऑइल सांगितले आहे. त्याहून जाड ऑइल घालावे की ऑइल कूलर बसवावा?

पहिले उत्तर
एअर-कूल्ड इंजिनच्या पंखांना (सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पातळ पट्ट्यांना) वारा मिळाला नाही की उष्णता ऑइलमध्ये साठत जाते, म्हणून कोंडीत १२५ अंश दिसणे अनपेक्षित नाही. रस्ता मोकळा झाल्यावर काटा खाली येतो का, हे अधिक महत्त्वाचे आहे. १४० च्या पुढे तो रेंगाळू लागला, तर मात्र कारण शोधावे, कारण ढोबळमानाने दर १० अंशांना ऑइलच्या ऑक्सिडेशनचा (हवेतल्या ऑक्सिजनमुळे खराब होण्याचा) वेग दुप्पट होतो. ‘५०’ हा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाची श्रेणी दाखवतो. आपले ऑइल त्या बाबतीत पुरेसे जाड आहे. बदलायचेच असेल, तर त्याच ग्रेडचे सिंथेटिक घ्यावे.

दुसरे उत्तर
वरील उत्तरात क्लचचा विचार राहून गेला आहे. आपल्या गाडीचा वेट क्लच बहुधा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असेल, त्यामुळे हाफ क्लचवर गाडी पुढे सरकवत राहिल्यास प्लेटांच्या घर्षणाची उष्णताही त्याच ऑइलमध्ये उतरते. पुढे थोडी मोकळी जागा होऊ द्यावी, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून पुढे जावे. मागून हॉर्न वाजतील, ते वाजू द्यावेत. न्यूट्रल न सापडणे हे लिव्हर दाबूनही क्लचच्या प्लेटा पूर्ण वेगळ्या होत नसल्याचे लक्षण असू शकते. म्हणून क्लच केबलचा फ्री प्ले (लिव्हरची मोकळी हालचाल) मॅन्युअलप्रमाणे आहे का, ते आधी पाहावे. सिंथेटिक घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (वेट क्लचला चालणाऱ्या मोटरसायकल ऑइलचे जपानी मानक) लिहिलेले असावे. कारचे ऑइल घातल्यास क्लच घसरण्याचा धोका असतो.

तिसरे उत्तर
कूलरवर खर्च करण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे की पंखा नसलेल्या कूलरलाही वाराच लागतो. घाटात किंवा महामार्गावर त्याचा उपयोग होईल, पण आपली अडचण उभ्या गाडीची आहे. सिग्नल लांबणार असेल, तर इंजिन बंद करणे हा फुकटचा आणि अधिक परिणामकारक उपाय आहे. ऑइलची पातळीही तपासावी, आणि कमी असल्यास फक्त खुणेपर्यंतच भरावे, कारण जास्त झालेले ऑइल घुसळून फेसाळते. याशिवाय मागचे चाक उचलून हाताने फिरवून पाहावे: ब्रेक घासत असेल, तर इंजिन विनाकारण अधिक श्रम करते. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजून घ्यावी. गॅरेजमध्ये गाडी आदल्या रात्री सोडली, तर हे काम सकाळी नीट होते.